बंद डिकीतला उजेड

ईशान, मैत्रेयी,

गाडी नुसती उभी असताना तिची बॅटरी कशी उतरते, असं तुम्ही रविवारी फोनवर विचारलंत. उत्तर दोन ओळींचं आहे. पण त्यावरून मला कळंब्याच्या चौगुले आक्का आठवल्या. ही हकिगत माझ्याशिवाय आता कुणाला ठाऊक नाही, म्हणून लिहून ठेवते.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. शाहूपुरीत माझं ऑटो-इलेक्ट्रिकचं वर्कशॉप होतं. आक्कांचा मुलगा भरत वडिलांची जुनी परदेशी गाडी घेऊन आला. अवजड, काळी, माझ्या वयाची.

"अण्णा जाऊन आठ महिने झाले. तवापास्नं असंच चाललंय. दोन नव्या बॅटऱ्या खाल्ल्या हिनं. पुढच्या शनिवारी भंगारवाला येणार हाय."

"मग माझ्याकडे कशाला आणलीस?"

"आई ऐकत न्हाय. आधी कारण कळू दे म्हणती."

गाडी बंद असतानाही कुठूनतरी करंट जात राहिला, की त्याला आम्ही लीकेज म्हणायचो. ते शोधायला बॅटरीची एक वायर काढून मध्ये मीटर जोडतात. सगळं बंद असताना काटा शून्यावर हवा. माझ्याकडे तो चार दिवस शून्यावरच होता. वायरिंग जुनं, पण धड. मी गाडी परत पाठवली. तिसऱ्या दिवशी भरतचा फोन आला. बॅटरी मेली होती.

मी त्याला संध्याकाळी चार्ज केलेली बॅटरी बसवायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच कळंब्याला गेले. तलावावरून धुकं येत होतं. त्यांचं घर उंचवट्यावर. दारातल्या उतारावर गाडी तोंड खाली करून उभी होती, पुढच्या चाकांना धोंडे लावलेले. मागे आक्का उभ्या होत्या, एक हात डिकीवर ठेवून.

"रोज सकाळी अशीच असती," त्या म्हणाल्या. "हात लावून बघा की, बाई."

साऱ्या गाडीवर दव पडलं होतं. डिकीच्या झाकणावर मात्र तळहाताएवढी जागा कोरडी होती. मी हात ठेवला. कोमट लागली. ताप उतरत आलेल्या माणसाच्या कपाळासारखी.

आक्का हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या जैनांत आत्मा लगेच दुसरा जन्म घेतो म्हणत्यात. मग हितं कोण बसलंय? त्यांचं काय ऱ्हायलंय?"

मी मीटर जोडला. काटा हलला आणि अर्ध्या अँपिअरच्या जवळ जाऊन थांबला. माझ्या दुकानात शून्य आणि इथे हे. मग एकेक फ्यूज काढत गेले. तिसरा काढला आणि मीटर शून्यावर आला. त्या फ्यूजवर तीनच गोष्टी होत्या. आतला दिवा बंद होता. घड्याळाची वायर अण्णांनीच तोडली होती. राहिला डिकीचा दिवा. डिकी उघडली की तो लागायचा. पण बंद केल्यावर त्याचं काय होतं, ते बाहेरून कुणाला दिसणार?

मी फ्यूज परत बसवला आणि पदर खोचला.

"बाई, आत नगा जाऊ," आक्का म्हणाल्या.

"भरत, झाकण लाव. दहा आकडे मोज आणि उघड."

आत ग्रीसचा, जुन्या रबराचा आणि कुणाच्यातरी तपकिरीचा वास होता. झाकण बसलं. अंधार झालाच नाही. नाकासमोर पिवळा दिवा शांतपणे जळत होता. शेजारी अण्णांची घडी केलेली शाल होती. बाहेर भरत मोजत होता. त्याचे दहा आकडे मला फार लांब वाटले.

बाहेर आल्यावर मी दिव्याचा स्विच तपासला. त्यात पाऱ्याचा थेंब असतो. झाकण वर कललं, की थेंब सरकून दिवा लावतो. उतारावर गाडीची मागची बाजू वर होती, म्हणजे बंद झाकणही कललेलंच. माझ्या दुकानातली जमीन सपाट होती, आणि अण्णाही गाडी खालच्या सपाट शेडमध्ये लावायचे.

"तू हिला इथे कधीपासून लावतोस?"

"अण्णा गेल्यावर. शेडमधी उभी ऱ्हाऊन एकदा बॅटरी बसली. मग हितंच लावतोय. धोंडा काढायचा, सोडून द्यायची, चालू हुती. ढकलायला माणसं लागत न्हाईत."

बॅटरी उतरते म्हणून उतारावर, आणि उतारावर म्हणून बॅटरी उतरते. भरतनं कपाळाला हात लावला.

आक्का हसल्या नाहीत. मी बल्ब काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी मूठ मिटली आणि तो गार होईपर्यंत धरून ठेवला.

"गेले म्हणायचं मग," त्या म्हणाल्या. भरतकडे वळून म्हणाल्या, "भंगारवाल्याला नगं म्हणून सांग."

तेव्हापासून मी एक नियम पाळला. गाडी जिथे बिघडते तिथेच जाऊन तपासायची. दुकानात सगळ्याच शहाण्यासारख्या वागतात.

आक्का आता नाहीत. बल्ब त्यांनी मला परत दिला नाही, मीही मागितला नाही. गाडी अजून भरतच्या सपाट शेडमध्ये आहे आणि किल्ली फिरवली की सुरू होते. तिच्या डिकीत दिवा नाही.