शिशाला दात लावणारा

डॉक्टरीणबाईंनी माझा ओठ खाली ओढला, हिरडीवर टॉर्च मारला आणि विचारलं, "काम काय करता तुम्ही?" त्याआधी चार डॉक्टर झाले होते. पोट धरून लोळायचो, तर कुणी गॅस म्हणालं, कुणी अपेंडिक्स. कामाचं मात्र कुणीच विचारलं नव्हतं.

"जुन्या बॅटऱ्या फोडतो की. रिक्षाच्या, इन्व्हर्टरच्या. आतल्या प्लेटा वितळवून शिशाच्या विटा पाडायच्या."

"हिरडीवर निळी रेघ आहे. लेड पॉयझनिंग वाटतंय. म्हणजे शिसं तुमच्या रक्तात गेलंय."

रक्ताचा रिपोर्ट आला. तेच निघालं.

आता माझं शहाणपण ऐका. चोख शिसं मऊ असतं. म्हणून आमच्या शेडमध्ये गार झालेल्या विटेच्या कडेला दात लावून बघायची पद्धत. दात उमटला की माल चोख. माझा अंदाज चुकायचा नाही, म्हणून शेठ सगळ्यांच्या विटा मलाच चावायला द्यायचे. मी पण फुशारकीनं चावायचो. अक्कल गहाण टाकलेली, दुसरं काय!

सरकारी दवाखान्यात ॲडमिट झालो. उजवा हात मनगटातून लोंबत होता, तांब्या उचलेना. किलेशन सुरू झालं. म्हणजे शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई स्टूल ओढून बसल्या. "कामाचे कपडे घरीच धुता? घरात लहान मूल आहे?"

गौरी, माझी लेक, चार वर्षांची. एक-दोन शब्दांपुढं बोलायची नाही. आम्ही म्हणायचो, घरात कानडी, गल्लीत मराठी, गोंधळली असेल पोरगी. तिचं रक्त तपासलं, तर तिच्यातही शिसं. माझ्या कपड्यांवरची धूळ घरभर झाली होती.

"तिला त्या घरातून आधी हलवा," बाई म्हणाल्या. महादेवी, माझी बायको, तिला घेऊन दुधनीला माहेरी गेली. जाताना म्हणाली, "तुमी मुद्दाम केलं न्हाई, कळतंय मला. पण आत्ता तुमच्या तोंडाकडं बघवंना."

वॉर्डात शेजारच्या खाटेवर डबे यायचे, माणसं यायची, भांडणंसुद्धा व्हायची. माझ्याकडं कुणी नाही. लई एकटं वाटायचं. नर्सबाई सुई टोचायला आल्या तरी बरं वाटायचं, हात तरी कुणी धरला म्हणून. अशाच एका दुपारी, माझ्या अंगातलं शिसं शिवल्यानं पोरीला लागेल म्हणून घाबरून मी महादेवीला फोन केला, "गौरीला शिकवून ठेव, अप्पाजवळ जायचं न्हाई." पोरगी मला अप्पा म्हणते.

डॉक्टरीणबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी चांगलंच झापलं. "अहो, हा काय शिवल्यानं होणारा रोग आहे? धूळ पोटात गेल्यानं होतं. अंघोळ करा, स्वच्छ कपडे घाला आणि लेकीला खुशाल जवळ घ्या." मी लगेच तसं कळवलं, पण तोवर महादेवीनं पोरीला पक्कं शिकवून ठेवलं होतं.

शेड सोडली. आता सात रस्ता चौकाजवळ एका दुकानात वॉचमन आहे. शर्टाची बटणं माझी मी लावतो. गौरीचं शिसं निम्म्यानं उतरलं. बोलणं किती भरून येईल, ते डॉक्टरीणबाई आत्ताच सांगत नाहीत. पण त्यांनी कामाचं विचारलं नसतं, तर आम्ही बापलेक दोघंही गेलोच होतो. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. तुम्हीही असलं काम करत असाल, तर डॉक्टरांना दुखणं सांगायच्या आधी काम सांगा.

गेल्या रविवारी दुधनीला गेलो. दोनदा अंघोळ केली, नवा शर्ट घातला. गौरी दारातच होती. मी खाली बसलो, दोन्ही हात पुढं केले. ती दोन पावलं मागं सरली आणि मान हलवून म्हणाली, "अप्पाजवळ जायचं न्हाई."

एवढं मोठं वाक्य पोरगी पहिल्यांदाच बोलली होती. महादेवीनं तोंडाला पदर लावला. मी गौरीला म्हणालो, "शाबास."