सदूभाऊंची गेलेली भूक

आहारतज्ज्ञाच्या खुर्चीत बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत, चालत येतात! माणूस पोटाबद्दल बोलायला लागला की घरदार, सासर, शेजारी सगळंच टेबलावर येतं. चंद्रपूरला आमच्या दवाखान्यात माझं रोज हेच चालतं.

*

कोरपन्याचे रशीदभाई टेलर. शिलाई निवांत, जेवण मात्र सुसाट! त्यांना म्हटलं, "भाई, हळू जेवा. पोट भरलं हे सांगणारे हार्मोन आतड्यातून निघतात. मेंदूला कळायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढं थांबा."

पुढच्या खेपेला वजन वाढवूनच आले.

"थांबत नाही ना तुम्ही?"

"थांबतो ना मॅडम! जेवण झालं की वीस मिनट थांबतो. मग पुन्हा बसतो!"



*

माजरीच्या कोळसा खाणीतून रिटायर झालेले एक भाऊ कावलेच होते. "आता काही काम नाई, तरी चार वाजले का भजे पायजेच. हे काऊन होऊन राह्यलं?"

मी समजावलं, की पोटात भूक जागवणारा एक हार्मोन असतो, घ्रेलिन. रोजच्या खाण्याची वेळ आली की तो आपोआप वाढतो. कँटीनच्या वेळेची सवय लागलीय तुम्हाला.

भाऊ खूश! "म्हंजे मी रिटायर झालो, पोट अजून ड्युटीवरच हाय!"

*

एका जावईबापूंना डॉक्टरांनी वजन कमी करायचं इंजेक्शन सुरू केलं होतं. पोट भरल्याची खूण देणाऱ्या हार्मोनसारखंच ते काम करतं. बापू सासरी गेले आणि अर्ध्या पोळीवर उठले. सासूबाईंचा मला फोन, आवाज रडवेला.

"मॅडम, दोन भाज्या केल्या, वडे केले, जावयानं हात नाई लावला. त्या सुईले सुट्टी कवा असते? त्याच दिवशी बलावतो आमी!"

*

पण सावली गावच्या सदूभाऊंपुढे मला हसू यायचं नाही. धान पिकवणारा, भातावर जीव असलेला माणूस. गाठ निघाली म्हणून त्यांचं जठर, म्हणजे पोटातली पिशवीच काढावी लागली. घ्रेलिन मुख्यतः तिथंच तयार होतं. पिशवी गेली, तिच्यासोबत भूकही गेली.

"थोडं थोडं खा, पण दिवसातून पाच-सहा वेळा," मी सांगायची.

"भूकच नाई लागत त खाऊ काऊन?" सदूभाऊ शांतपणे विचारायचे. वजन दर खेपेला खाली. मोबाईलवर अलार्म लावून दिला, तर तो बंद करून शेतात, धानाच्या बांधीवर निघून गेले!

शेवटी सर्जननी स्पष्ट सांगितलं, अजून वजन उतरलं तर भरती करून नळीनं अन्न द्यावं लागेल. ते ऐकून त्यांची बायको पार्वताबाई माझ्या टेबलाशीच रडल्या. मलाही त्या दिवशी जेवण गेलं नाही.

*

पुढच्या खेपेला काटा वर सरकला होता! मी तर खुर्चीतून उठलेच.

"सदूभाऊ, भूक लागायला लागली का?"

"छ्या! माई भूक त गेली मॅडम. पण हिची मले समजते ना! इतक्या वर्साचा संसार हाय. हिले भूक लागली का आवाज चढते, भांड्यावर भांडं आपटते. मी नाई बसलो त घास घेत नाई. मंग तिले उपाशी ठेवू का? म्हणतो, चाल व, बस. तिच्यासंगं चार घास माये बी होतात." मग जरा काळजीनं म्हणाले, "आजकाल तिले लई वेळा भूक लागते. एकडाव तिले बी तपासून घ्या."

ते औषधं घ्यायला बाहेर गेले. मी पार्वताबाईंना काट्यावर उभं केलं. मागे एकदा घेतलेल्या वजनाशी ताडलं, तर त्यांचं वजन नवऱ्यापेक्षा जास्त वाढलं होतं!

"बाई, एवढी भूक कधीपासून लागते?"

पार्वताबाईंनी दाराकडे पाहिलं, नवरा लांब आहे याची खात्री केली आणि हळूच म्हणाल्या, "मले कुठी लागते भूक! घड्याळ पायते अन् भांडते."