एजीदिया मावशी आणि कोरी नळी

आमच्या इटलीतल्या गार्दोने गावात बंदूक बनवणारे ढिगानं आहेत, पण नळीला शेवटचा हात फिरवावा तो एजीदिया झुबानीनंच. मी दस्ते करतो, अक्रोडाच्या लाकडाचे. माझ्या दस्त्याचं कौतुक कोणी करत नाही. नळी हातात घेतली की मात्र गिऱ्हाईक म्हणणारच, वा, काय चकाकी आहे. वर्षानुवर्षं ऐकून माझे कान किटलेत.

मावशी घरीच काम करते, खिडकीशी बसून. नळीवर बनवणाऱ्याचं नाव, नंबर, काडतुसाचं माप आणि चाचणीचा शिक्का असतो. त्यातलं काहीही पुसलं तर तुरुंग, परवाना गेला, दुकानाला कुलूप. म्हणून आमच्याकडे नळी दोनदा घासतात. शिक्का पडायच्या आधी पहिला हात, नंतर शेवटचा. शेवटच्या हाताला मावशी त्या अक्षरांवर डावा अंगठा दाबून धरते आणि बाकीचं घासते. ही तिची रीत, तिच्या आईचीही तीच.

गेल्या शरद ऋतूत आमच्या मालकानं, लीविओनं, जनावरांच्या एका डॉक्टरसाठी एकनळी रायफल करायला घेतली. डोंगरातल्या शिकारीसाठी. डॉक्टरला सात मिलिमीटरची हवी होती. लीविओनं नळी केली, मावशीनं पहिला हात दिला, आणि डॉक्टरचं मन फिरलं.

"साडेसहाची करा," तो म्हणाला. "माझा खांदा दुखतो."

"हे आधी सांगायला तुमच्या खांद्याला तोंड नव्हतं?" लीविओ म्हणाला. पण मनातून खूश झाला. डोंगरात साडेसहाच बरी, हे तो पहिल्यापासून सांगत होता. त्यानं दुसरी नळी केली. ती चाचणीला गेली, शिक्के घेऊन आली, मावशीकडून शेवटचा हात घेऊन काळ्या रंगाला गेली.

रंगवाल्याकडून ती परत आली त्या दिवशी मी दस्ता बसवायला घेतला. नळी उलटी केली, तर खालच्या बाजूला काहीच नाही. नंबर नाही, शिक्का नाही. ती तशीच लीविओकडे नेली.

लीविओनं ती उजेडात धरली, आडवी करून पाहिली, तिरपी करून पाहिली. मग मावशीला बोलावणं धाडलं. ती एप्रनसकट आली, नळीवरून अंगठा फिरवला आणि स्टुलावर बसली.

"मीच पुसलं असणार," ती म्हणाली. "वसंत ऋतूपासून नीट दिसत नाही मला. कुणाला बोलले नाही."

लीविओ ओरडेल म्हणून मी दस्ता बाजूला ठेवला. तो नुसता म्हणाला, "असू दे मावशी. तू घरी जा, जेव." मला त्याचा संतापच आला. अरे, एवढी वर्षं बाईनं तुझ्या नळ्या घासल्या आणि तू तिला पाहुण्यासारखं वागवतोस? मावशी उठली. घासायचे दगड उद्या परत पाठवून देते म्हणाली. आवाज अगदी साधा होता, त्यानंच मला भरून आलं.

ती दारात असतानाच मी लीविओवर खेकसलो. "बघत काय बसलास? माप तरी घे. पोलिसांना काय सांगणार, कुठली नळी म्हणून?"

लीविओनं खणातून साडेसहाची एक गोळी काढली, काडतुसात न बसवलेली, नुसती. ती नळीच्या तोंडाशी ठेवली. तिथेच अडकायला हवी. ती सरळ आत गेली, आतल्या आत घरंगळली आणि मागच्या टोकातून टेबलावर पडली.

मावशी दारातून मागे फिरली.

"ही सातची आहे," लीविओ म्हणाला. "पहिली. हिला शिक्का पडलाच नव्हता. अरे देवा, मी दोन्ही एकाच कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या. रंगवाल्याचा माणूस दोन्ही उचलून घेऊन गेला."

"गाढवा," मी म्हणालो. मालक असला म्हणून काय झालं.

मी धावत रंगवाल्याकडे गेलो. तिथे तारेला साडेसहाची नळी लटकत होती, काळी कुळकुळीत, आणि सगळे शिक्के ठसठशीत. मी तिचा मुका घ्यायचाच काय तो बाकी होता. परत आलो तर दोघं वाइन ओतून बसले होते. लीविओनं नळी मावशीच्या हातात दिली. तिनं अंगठ्यानं एकेक आकडा चाचपला आणि ढसाढसा रडली.

"झालं ना आता? नंबर आहे ना?" लीविओ म्हणाला.

"नंबराचं नाही रे," ती डोळे पुसत म्हणाली. "तू ओरडला नाहीस. तेव्हाच कळलं, तू मला मोडीत काढलंस."

लीविओचा चेहरा पडला. त्यानं पेला ठेवला आणि असा ओरडला की बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं. डोळे दाखवायला अजून का गेली नाहीस, अक्कल गहाण टाकलीस का, उद्या मी स्वतः नेतो, आणि दगड पाठवलेस तर याद राख.

मावशी हसत हसत ऐकत होती.