फोड म्हणजे काय

बाबा आणि काका भांडल्याशिवाय आमच्या घरी सकाळची कॉफी कुणाच्या घशाखाली उतरत नाही. दोघं सख्खे भाऊ, केस पांढरे झालेले, तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत एकाच घरात राहतात. म्हणून काकानं बाबांवर हत्यार चालवलं असं पोलिसांनी लिहून घेतलं तेव्हा मला आधी हसूच आलं. काकाला जीपमध्ये बसवलं तेव्हा मात्र रडू फुटलं.

घडलं ते एवढंच. चटणीला नारळ हवा होता. बाबा पायरीवर नारळ धरून वाकले होते आणि काकानं अरिवाळ, म्हणजे आमच्याकडचा कोयता, पालथा करून उगारला होता. बाबांच्या बोटांना लागेल म्हणून तो चुळबुळत राहिला. बाबांना धीर कुठला! "फोड रे! फोड!" ते ओरडले. नारळ सटकला आणि कोयत्याची पाठ त्यांच्या कपाळाला लागली.

समोरच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालत होत्या. पापनाशमहून नुकत्याच राहायला आलेल्या. तमिळमध्ये 'फ' वेगळा नाही, आणि 'पोडु' म्हणजे हाण. मोठा भाऊ 'हाण, हाण' म्हणून चिथावतोय आणि धाकट्यानं हाणलं, असंच त्यांना वाटलं. त्यांनी पोलिसांना फोन केला. मला त्यांचा फार राग आला होता. पण परक्या घरात रक्त दिसल्यावर धावणारं माणूस समोर राहतं, हे बरंच नाही का?

कपाळाला टाके पडल्यावर बाबा पट्टीसकट ठाण्यात गेले. "डोकं माझं. माझी तक्रार नाही. मग केस कुणाची?"

"सरकारची," इन्स्पेक्टर म्हणाले.

"मग टाके सरकारला घाला," बाबा म्हणाले. त्यानं काम अधिकच बिघडलं.

काका ओरत्तनाडूला सरकारी कचेरीत होता. त्याला निलंबित केलं, आणि शिक्षा झाली असती तर नोकरीच गेली असती. वकिलांनी सोपा मार्ग सांगितला: मदुरैच्या हायकोर्टात तडजोडीचा अर्ज करा, भांडण झालं, मारलं, भावानं क्षमा केली असं लिहून द्या. बाबा सहीला एका पायावर तयार. काका हटून बसला.

"मज क्षमा? काय म्हणून? मी तुज मारलों नाही, अण्णा."

"तुझी नोकरी जाईल रे!"

"जाऊ दे. तुज मारलों म्हणून मी लिहून देणार नाही."

त्या दिवसापासून काका भांडेनासा झाला. नारळाला हात लावेना. घरात खिडक्या लावून हळू बोलायची सवय लागली, आणि आईला नारळ दिला की बाबा तमिळमध्ये 'उडै', म्हणजे फोड, म्हणू लागले, पुन्हा कुणाला भलतंच ऐकू यायला नको. आमच्या घरचा एक शब्द भीतीपायी गेला, याचं मला फार वाईट वाटायचं.

कोर्टात बाबा म्हणाले, मी 'फोड' म्हणालो, आमच्या मराठीत त्याचा अर्थ उडै. सरकारी वकील हसले. भावाला वाचवायला भाऊ काहीही सांगेल. मग आमच्या वकिलांनी गॅलरीतल्या त्या बाईंना डोळे मिटायला सांगितलं, आणि मॅजिस्ट्रेटबाईंच्या परवानगीनं बाबा तसेच ओरडले, "फोड रे! फोड!"

"अदेदान," पापनाशमच्या बाई म्हणाल्या. तेच ते. आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

काका सुटला. परत येताना कोपऱ्यावरच्या पिल्लैयारपुढे, म्हणजे गणपतीपुढे, आईचा नवस फेडायला थांबलो. काकाच्या हातात नारळ दिला, तर त्यानं तो छातीशी धरला. आपटेचना.

"उडै," बाबा हळूच म्हणाले.

काका त्यांच्याकडे वळला. "आपल्या बोलीत सांग, अण्णा."

"फोड!" बाबा इतक्या जोरात ओरडले की फुलवाली दचकली.

काकानं नारळ आपटला. शकलं चौफेर उडाली आणि एक नेमकं बाबांच्या कपाळावर बसलं.

"पुन्हा मारलास मज!" बाबा किंचाळले.

"अण्णा, हळू बोल, हळू!" म्हणत काकानं त्यांच्या तोंडावर हात दाबला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हाताखाली बाबा हसत होते.