आसेगावच्या मोटारीचे ब्रेक

मोटारीचं वेड आमच्या घरात यांना होतं. मला वेड होतं ते वस्तू उघडून पाहण्याचं. अनसिंगला माहेरी असताना मी कंदील उघडला, कुलूप उघडलं, शेवटी वडिलांचं खिशातलं घड्याळही उघडलं. ते काही पुन्हा जुळेना. तेव्हा आईने वडिलांना सरळ सांगितलं की घड्याळ माझ्याच हातून पडलं, पोरीला बोलू नका. नंतर मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "काय होतं व आत?" तिलाही जाणून घ्यायचं होतं. अशी माझी आई.

लग्न होऊन मी आसेगावला आले आणि तिसऱ्या वर्षी आईच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणंही अर्धं गेलं. आसेगाव ते अनसिंग बैलगाडीने पूर्ण दिवस, मग मुक्काम, मग परतीचा दिवस. आमचं घर बागायती. वांगी, मिरची, भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागे, नाहीतर माल जून होतो. अशा घरातली सून तीन दिवस गेली तर कसं चालेल? नको असं कुणी म्हणत नसे. फक्त "पाहू" म्हणत. हा "पाहू" ऐकला की माझं डोकं फिरायचं. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणा ना.

म्हणून यांनी मोटार आणली तेव्हा सगळं गाव हसलं, मी नाही हसले. कारंज्याच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या मुलाने ती हौसेने घेतलेली आणि बापाने रागाने विकलेली. आम्हाला जवळजवळ फुकटच पडली. शर्यतीची गाडी म्हणे. दोनच सीटा, कापडाचं छप्पर, सायकलसारखी काड्यांची चाकं, नाक लांब आणि बूड जमिनीला टेकलेलं. सीटांमागे वांग्यांच्या दोन टोपल्या कशाबशा बसायच्या. पण या गाडीने सकाळी निघालं की संध्याकाळच्या तोडीला परत येता यायचं. त्या उन्हाळ्यात मी दोनदा आईकडे जाऊन आले. दुसऱ्या वेळी तिने डाव्या हाताने माझं तोंड चाचपलं आणि किती तरी वेळ हात काढलाच नाही.

मग पावसाळा लागला. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात मोटार म्हणजे रुतलेली म्हैस. चार महिने ती गोठ्याशेजारच्या छपरात उभी राहिली आणि मी दिवस मोजत राहिले. दसरा झाला, रस्ते वाळले की तिसऱ्या दिवशी अनसिंगला जायचं, असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे यांनी मामाजींना सांगितलं आणि मामाजी काही बोलले नाहीत. आमच्याकडे ती परवानगीच समजायची.

मामाजी म्हणजे माझे सासरे. घरात सासू नव्हती, मी यायच्या आधीच गेलेली. आमच्याकडची रीत अशी की सुनेने सासऱ्याशी बोलायचं नाही. डोक्यावर पदर घ्यायचा, ताट वाढायचं, बाजूला व्हायचं. त्यांना काही सांगायचं असलं की ते भिंतीकडे पाहून बोलत, मी ऐके. चार वर्षांत आमच्यात एक शब्द झाला नव्हता. मोटारीबद्दल मात्र ते सगळ्या गावाशी बोलत. दोन माणसं आणि एक सांबाराची जुडी, भरली गाडी, असं म्हणत. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर.

दसऱ्याच्या दिवशी गाडी धुतली, नांगर-वखराच्या रांगेत तिलाही हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ पडली. संध्याकाळी हे शेजारच्या गावी सोनं द्यायला गेले. परत येताना नाल्याचा उतार लागतो, तो संपला की लगेच आमचं फाटक. फाटकाशी मामाजी खाट टाकून बसले होते, आपट्याची पानं द्यायला आलेली दहा-बारा माणसं सभोवती. यांनी उतारावर ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला, गाडीला काही पत्ताच नाही. मामाजींनी पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर अशी उडी मारली की तालमीतला गडी लाजावा, आणि पडले ते वांग्याच्या वाफ्यात. खाटेचा एक पाय मोडला. गाडी पुढे जाऊन कडब्याच्या गंजीत शिरली आणि थांबली.

कुणाला काही लागलं नाही. पण माणसं हसली हो. मामाजींचं नवं धोतर चिखलाने माखलेलं, पागोटं वांग्याच्या झाडावर. हसली, ते त्यांना लागलं. ते उठले, पागोटं झटकलं आणि भिंतीकडेही न पाहता यांना म्हणाले, "येत्या बाजारापर्यंत बिरेक बसले तर ठेव. नाई तर इकून टाक."

बाजाराला सहा दिवस होते. गाडी गेली की आई पुन्हा "पाहू"वर गेली.

हे दुसऱ्या दिवशी कारंज्याहून एका मिस्त्रीला घेऊन आले. मिस्त्री टोपी तिरपी घातलेला, बोटाला अंगठी. त्याने ब्रेक दोनदा दाबला, खाली वाकून पाहिलं, चाकाला हातही लावला नाही आणि म्हणाला की सगळं गेलं. चारही चाकांचे ब्रेक नवे, आतली भांडी नवी, तारा नव्या, सामान मुंबईहून येईल, महिना लागेल. पैसे सांगितले ते एका चांगल्या बैलजोडीचे. मी दाराआडून यांच्याकरवी विचारलं की झिजलं काय नेमकं, आणि उघडल्याशिवाय कळलं कसं? मिस्त्री हसला. बाईमाणसाला ते समजायचं नाही, म्हणाला. चहा पिऊन गेला मेला. त्या कपाला मी तीन वेळा राख लावली.

बैलजोडीचे पैसे मामाजी देणार नव्हते आणि महिना आमच्यापाशी नव्हता. मी यांना म्हटलं, चाक सैल करून द्या, मी पाहते. हे माणूस मुळात सरळ. माझी खोड त्यांना माहीत होती. कारंज्याला माल घेऊन जायच्या आधी त्यांनी गाडीखाली टेकू लावला, चाक आवळून धरणारी मधली चाकी हातोड्याने सैल करून दिली आणि म्हणाले, उघड, पण जुळव.

हे बैलगाडीने कारंज्याच्या वाटेला लागले, मामाजी मळ्यात गेले, आणि मी पदर खोचून बसले.

चाक निघालं. त्यामागे लोखंडाचं गोल भांडं, उलटा घातलेला टोप जसा. दोन स्क्रू काढले, टोपही निघाला. आणि आत काय, तर दोन लोखंडी चंद्रकोरी समोरासमोर, त्यांच्या पाठीवर जाड विणलेली पट्टी खिळ्यांनी ठोकलेली. मी पायाने ब्रेक दाबायला आत जाऊन बसले, पुन्हा उतरून पाहिलं, पुन्हा बसले. शेवटी पायाने दाबायचा तो दांडा काठीने दाबून धरला आणि वाकून पाहिलं. तार ओढली जाते, चंद्रकोरी फाकतात, टोपाला आतून घासतात आणि टोप थांबला की चाक थांबतं. एवढंच! इतका आनंद झाला मला की आईला सांगावंसं वाटलं, हे होतं व आत.

म्हणजे लोखंड काही झिजत नाही. झिजते ती पट्टी. आणि आमची पट्टी झिजलेली होतीच, पण त्याहून वाईट म्हणजे ती तेलाने थबथबलेली होती. काळं, चिकट तेल. टोपही आतून तसाच. घासणार कसं? ओल्या साबणावरून पाय सरकावा तसं झालेलं. मी बोट लावलं आणि वास घेतला.

एरंडेल. आणि त्यात तिळाच्या काड्यांची राख.

हे मोटारीचं वंगण नव्हे. हे आमच्या बैलगाडीच्या आसाचं वंगण, आणि ते सबंध घरात एकच माणूस करीत असे. तिळाची राख दुसरं कुणी घालत नसे. वंगणाचं नळकांडं छपराच्या आढ्याला टांगलेलं असायचं आणि त्याला मामाजींशिवाय कुणी हात लावायचा नाही. त्या टोपाला बोटभर भोक होतं, वर पत्र्याचं फिरतं झाकण. आत पाहायला ठेवलेलं भोक ते. पण ज्याचा जन्म चाकाला तेल पाजण्यात गेला, त्याला भोक दिसलं की तो तेलच घालणार. दसऱ्याच्या सकाळी घातलं असणार. आणि चारही चाकांना, सढळ हाताने.

मला आधी राग आला. खरं सांगते, सणकून आला. गाडीला नावं ठेवायची, विकायला सांगायचं, आणि ब्रेकही आपणच घालवायचे! मग भीती वाटली. हे आणि मामाजी, दोघंही तापट. यांना कळलं असतं तर गावासमोर बोलले असते. मामाजींना असं खाली पाहायला लावलं असतं तर त्यांनी ती गाडी बाजारापर्यंतही ठेवली नसती. म्हणून हे यायच्या आत मी रॉकेलने चारही टोप धुऊन काढले. बाकीची तीन चाकं सैल करताना हातोडा कुठे कुठे लागला ते माझ्या अंगठ्याला विचारा.

परत आल्यावर यांना मी फक्त पट्टी दाखवली. म्हटलं, लोखंड ठणठणीत आहे, ही एवढी बदला. हे दुसऱ्या दिवशी चंद्रकोरी पिशवीत घालून पुन्हा कारंज्याला गेले, पण मिस्त्रीकडे नाही, कापसाच्या एका जिनातल्या फिटरकडे. तो म्हातारा फिटर म्हणे खूप हसला. कापसाच्या लॉऱ्यांना हीच पट्टी लागते, कापडासारखी फुटावर मिळते, मुंबईला कायले जाता, म्हणाला. आठ पट्ट्या मोजून कापून दिल्या, वर तांब्याचे खिळे. सगळे मिळून दोन टोपल्या वांग्यांचे पैसे झाले. ठोकायचं काम आमच्या गावात विहिरीच्या चामडी मोटा शिवणाऱ्या कारागिराने केलं. चामड्यात खिळा कसा बुडवावा हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? खिळ्याचं डोकं पट्टीच्या वर राहिलं तर टोप खरवडतो, हे त्याला एकदा सांगितलं, पुन्हा सांगावं लागलं नाही.

फिटरने एक गोष्ट मात्र यांना विचारली होती की हिला तेल कोणी पाजलं? हे घरी येऊन मला तेच विचारू लागले. मी म्हटलं, आसातलं उतरलं असेल, चार महिने उभी होती. खोटं बोलले. वाईट वाटलं, पण बोलले.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी सगळं जुळलं. नाल्याच्या उतारावर हे तीनदा वरून खाली आले आणि तीनदा गाडी जिथल्या तिथे थांबली. मामाजी मिरचीच्या वाफ्यात पाठ करून खुरपत होते. पाहिलं नाही, पण तिसऱ्या वेळी त्यांचं खुरपं थांबलेलं मी पाहिलं. जेवताना ते भिंतीला म्हणाले की ठीक हाय, राहू द्या गाडी. यांनी लगेच सांगून टाकलं की उद्या पहाटे अनसिंगला निघतो.

आता सगळं झालं असं मला वाटलं. दिवस कलला, मी शेणाचा हात धुऊन गोठ्याकडून येत होते, तर मामाजी आढ्यावरून नळकांडं काढताना दिसले. खाली उतरवलं, हलवून पाहिलं, बगलेत धरलं आणि मोटारीकडे निघाले. चिंधी हातात होतीच.

हे घरात नव्हते. भिंतीला सांगून उपयोग नव्हता. मी धावत जाऊन चाक आणि मामाजी यांच्या मधे उभी राहिले. डोक्यावरचा पदर केव्हा पडला ते कळलं नाही.

"मामाजी, तिथी तेल नोका घालू," मी म्हटलं. "त्या भोकात तेल गेलं का बिरेक लागत नाई."

ते माझ्याकडे बघतच राहिले. चार वर्षांत त्यांनी माझं तोंड नीट पाहिलं नव्हतं. मग चाकाकडे पाहिलं, हातातल्या नळकांड्याकडे पाहिलं. समजायला त्यांना वेळ लागला नाही, हुशार माणूस होता. हळूच विचारलं, "म्हंजे त्या दिशी म्याच केलं व्हय?"

मी मान हलवली. खोटं पुन्हा बोलवेना.

मामाजी बैलगाडीच्या जूवर बसले. नळकांडं दोन्ही हातांनी मांडीवर धरलेलं. रागावतील म्हणून मी जीव मुठीत धरून उभी होते. पण ते रागावले नाहीत. खाली पाहतच म्हणाले, "चार मईने उभी व्हती गाडी. चाक कोरडं पडलं असन, म्हटलं. तुले मायले भेटाले जायचं व्हतं. वाटंत चाक अडलं अन् तिकडं मायची भेट नाई झाली तं? म्हून घातलं, पोरी."

मला रडूच आलं. तिथेच, चाकाला टेकून, त्यांच्यासमोर. माझ्या आईच्या भेटीचे दिवस या घरात आणखी कुणी मोजत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी इतके दिवस त्यांना मनातल्या मनात काय काय बोलले होते, ते आठवून स्वतःचीच लाज वाटली. ते उठले, नळकांडं परत आढ्याला टांगलं. पोराला सांगितलं का, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं.

रात्री ताटावर त्यांनी स्वतःच यांना सांगितलं की वंगण म्या घातलं होतं. हे घास हातात धरून थांबले. मी यांच्याकडे असं पाहिलं की यांनी तो घास खाल्ला आणि भाकरी मागितली.

दुसऱ्या दिवशी आम्ही अनसिंगला गेलो. चैत्रात आई गेली. तोवर मी तिला सात वेळा भेटून आले. सातही वेळा मामाजी पहाटे उठून मोटारीपाशी येत आणि आम्ही निघेपर्यंत चाकाजवळ उभे राहत, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.