अळणी वरण

माझी श्रद्धा कधीच फार मोठी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. घरातला देव सासूबाईंचा आणि बाकी सगळी व्यवस्था माझी, अशी आमची वाटणी. गेल्या हिवाळ्यात यांच्या हृदयाची झडप निकामी होत चालल्याचं निघालं आणि नागपूरला ऑपरेशन ठरलं, तेव्हाही मी देवाकडे वळले नाही, व्यवस्थेला लागले. हे राजूरच्या खाणीच्या ऑफिसातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, सासूबाई पंच्याऐंशीच्या. "धोका आहे," एवढंच डॉक्टर म्हणाले होते, पण त्यांचा चेहरा मला पुरेसा होता. वणीला घरी पोचताच मी फर्मान काढलं, आईंना यातलं अक्षर कळता कामा नये. त्यांना सांगायचं, नागपूरला यांचा मोतीबिंदू काढायचा आहे. यांचं मीठ बंद झालं होतं. त्यावरून शंका येऊ नये म्हणून मी सगळ्या घरालाच अळणी जेवण सुरू केलं आणि आईंना म्हटलं, तुमचं बीपी वाढलंय, तुमच्यासाठीच करतेय. त्यांनी दोन महिने ते अळणी वरण मुकाट्याने खाल्लं. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं, ते आठवलं की आज लाज वाटते.

ऑपरेशनला अकरा दिवस उरले आणि आईंनी हट्ट धरला, कळंबला चिंतामणीला जायचं, सगळ्यांनी मिळून. मी आढेवेढे घेतले. पण नाही म्हणायला कारण काय सांगणार? शेवटी माझा मुलगा नीरज गाडी चालवायला, पुढे हे, मागे आई, मी आणि मध्ये नीरजची पाच वर्षांची ओवी, असे आम्ही निघालो. सुनेला सुट्टी मिळाली नव्हती. एरवी आमच्या गाडीत करंजी येईपर्यंत चिवडा संपलेला असतो. त्या दिवशी डबा उघडलाच नाही. दोन्ही बाजूंना वेचणी झालेल्या कपाशीच्या काळपट पऱ्हाट्या उभ्या होत्या आणि आभाळही मळकट होतं. वडकीच्या पुढे आईंनी ओवीला गोष्ट सांगायला घेतली, की कळंब फार जुनं गाव, पुराणातलं कदंबपूर, तिथे इंद्राने स्वतःच्या हाताने गणपती बसवला. "इंद्राला पण मोतीबिंदू होता का?" ओवीने विचारलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

ज्यांनी कळंबचं देऊळ पाहिलंय त्यांना ठाऊक आहे की तिथे देवाकडे चढून जायचं नसतं, उतरावं लागतं. गाभारा जमिनीच्या पातळीपासून कितीतरी खाली आहे आणि पायऱ्यांपाशी कुंड. ही गोष्ट माझ्या व्यवस्थेतून निसटली होती. आईंचे गुडघे गेलेले, त्या ओवीला घेऊन वर हारफुलांच्या दुकानांपाशी बाकावर बसल्या. यांनाही जिने बंद होते. पण आईंसमोर "मी नाही उतरत" म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. हे माझ्याकडे बघून किंचित हसले आणि नीरजच्या मागे उतरायला लागले. "सावकाश उतर रे प्रभाकर," आई मागून म्हणाल्या. मी एकेक पायरी यांचा श्वास ऐकत उतरले. माझा सगळा राग तेव्हा देवावर होता. इतकं खाली जाऊन बसायची काय गरज होती, असं मी मनात खरंच म्हटलं.

गाभाऱ्यात गर्दी नव्हती. हे खांबाला टेकून डोळे मिटून उभे होते, ओठ निळसर झाले होते. तेवढ्यात एक बाई भराभर खाली आली. पदर खोचलेला, हातात दुर्वांची जुडी. ती आमच्याकडे न बघता पुजाऱ्यांना म्हणाली, "महाराज, हे जुडी प्रभाकरच्या नावानं वाहा. त्याच्या दिलाचं आपरेशन हाये नागपूरले."

ज्या गोष्टीला आम्ही दोन महिने घरात कुलूप घातलं होतं, ती एक अनोळखी बाई देवासमोर मोठ्याने बोलत होती. यांनी डोळे उघडले. हात जोडून झाल्यावर बाई वळली आणि आम्ही तिच्याकडे टक लावून बघतोय हे पाहून आपणहून म्हणाली, "वर त्याची माय बसली हाये. तिले पायऱ्या उतरवत नाही नं, म्हून मी आलो. दुकान तसंच टाकून आलो, बाप्पा!" आणि आली तशी निघूनही गेली. आपण ज्याच्यासाठी दुर्वा वाहिल्या तो समोरच उभा आहे, हे तिला कळलंच नाही.

परत चढताना हे मधल्या पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. नीरजने आणि मी धरून त्यांना वर आणलं. आईंनी बाकावर सरकून जागा केली.

"तुले कधीपासून माहीत हाये, आई?" यांनी विचारलं.

"तुळशीले पानी घालाले जाताना तू दोनदा थांबतं. मोतीबिंदूवाला काहून थांबन? अन् हे सूनबाई माह्यासाठी मीठ बंद करते म्हने! मले कधी बीपी होतं?"

"मंग बोलली काहून नाही?"

"तुम्ही एवढ्या मेहनतीनं लपवून राह्यले होते. म्हटलं, राहू द्या."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी नुसती पाठीवर थाप दिली.

पुढचे नऊ दिवस माय-लेक एकमेकांपासून हलले नाहीत. आईंचं माहेर मुकुटबनचं. तिथल्या गोष्टी, यांच्या वडिलांच्या मरणाच्या वेळी न बोललेलं, सगळं बोलून झालं. दोघं समोरासमोर बसून अळणी वरण खात आणि त्याला नावं ठेवत. दहाव्या दिवशी यांना ऑपरेशनला नेलं. ते परत आले नाहीत.

मी महिनाभर देवघराकडे पाठ फिरवली. एका दुपारी न राहवून आईंना म्हणाले, "ऐकलं का तुमच्या चिंतामणीने?" त्या म्हणाल्या, "मी त्याले वाचव म्हटलंच नोतं बाई. ते त्याच्या हाती. मी म्हटलं, माहं पोर माह्याशी खोटं बोलून बोलून थकलं हाये, तेवढं त्याचं ओझं उतरव. अन् ते त्यानं त्याच दिवशी उतरवलं."

त्यानंतर मी खूप विचार केला. ती बाई खाली आली नसती तर माझी व्यवस्था शेवटपर्यंत चोख राहिली असती आणि त्या माय-लेकांची एकमेकांशी खरं न बोलताच ताटातूट झाली असती. ते नऊ दिवस मी दिलेले नव्हते. ते कोणी दिले यावर मी वाद घालत नाही. मी फक्त हात जोडते.

मागच्या आठवड्यात माझ्याच तपासणीचे कागद हाती आले. रस्त्यात ते पर्समध्ये खोल दडवले होते. घरी आल्यावर मात्र काढले आणि आईंच्या मांडीवर ठेवले.

"चष्मा दे," त्या म्हणाल्या, "अन् बस अशी जवळ."