काचेमागची कानबाई

आमच्या घरच्या कानबाईला चांदीचा मुखवटा होता. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी तो नारळावर बसवायचे आणि सोमवारी देवी वाजतगाजत नदीवर जाऊन यायची. मुखवट्याच्या कपाळावर कुंकवाचा जाड थर होता. जुन्या कुंकवावर नवं लावायचं, जुनं कधी पुसायचं नाही, असा घरचा रिवाज. माझ्या आजीनं लावलेलं कुंकू त्यात होतं, तिच्या सासूनं लावलेलंही.

आमचं गाव पारोळ्याजवळचं. मुखवटा वर्षभर पारोळ्याच्या एका सोनाराकडे असायचा. सणाला आणायचा, सण झाला की परत नेऊन द्यायचा. कागद ना पावती. ऐंशीच्या दशकात तो सोनार वारला आणि त्याच सुमारास गावात चोऱ्या वाढल्या. तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, मुखवटा धुळ्याच्या एका लहानशा संग्रहालयात नेऊन दिला. सरकारी घर, कुलूप मजबूत. तिथल्यांनी कागद पुढे केला, आबांनी सही ठोकली. घरात सगळ्यांची समजूत एकच, की ठेवायला दिलाय.

श्रावण लागताच आई मला घेऊन एस.टी.नं धुळ्याला गेली. मुखवटा गुंडाळायला नवा हिरवा खण घेतला होता.

“भाऊ, आम्ही आमनी कानबाई लेवाले उनूत,” ती तिथल्या अधिकाऱ्याला अहिराणीत म्हणाली.

माणूस वाईट नव्हता. त्यानं आम्हाला बसवलं, चहा मागवला आणि मग सांगितलं, “ताई, ही वस्तू तुमच्या घरच्यांनी दान दिलीय. आता परत देता येत नाही.”

“देवी कोनी दान करस का? ठेवाले देयेल व्हती.”

त्यानं आम्हाला कपाटापाशी नेलं. काचेमागं आमची देवी आणि खाली चिठ्ठी: मुखवटा, चांदी, खानदेश, काळ अज्ञात. चिठ्ठीचा साचा इंग्रजांच्या वेळचा, हे त्यानंच सांगितलं. धातू कुठला, सापडली कुठं, एवढं विचारायचं. तिला पुजतं कोण, हे विचारायला त्यात जागाच नव्हती. साहेब बोटीत बसून कधीचा गेला. साचा मात्र आमच्याच लोकांनी जिवापाड सांभाळला. मला त्याचा आजही राग येतो.

निदान नाव तरी लिहा, असं आईनं विनवलं. तो हो म्हणाला. खण तसाच घडी करून आम्ही परतलो. त्या वर्षी आईनं नुसत्या नारळावर हळदीनं डोळे काढले आणि पूजा मांडली.

हिवाळ्यात माझे वडील गेले. दहाव्याला भावकीतल्या बायकांनी आईला मधोमध बसवून तिचं कुंकू पुसलं. ती रडली नाही, मीच ओरडून रडले.

पुढच्या श्रावणात आई पुन्हा धुळ्याला निघाली. आणायला नाही, नुसतं बघायला. अधिकारी शब्दाला जागला होता. चिठ्ठीवर ठळक अक्षरांत ‘कानबाई’ लिहिलं होतं. मला क्षणभर बरं वाटलं. मग वर बघितलं. मुखवटा लखलखत होता आणि कपाळ कोरं होतं.

“पार काळी पडली होती,” रखवालदार कौतुकानं म्हणाला. “साहेबांनी मुद्दाम माणूस बोलावून औषधानं साफ करून घेतली.”

आई काचेजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, “तिनं कुकू पुसी टाकं यास्नी.”

देवीचं कुंकू पुसून टाकलं यांनी, असं आई म्हणत होती. तिच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही. तिनं पिशवीतून कुंकवाची पुडी काढून माझ्या हातात दिली.

“तू लाव. मना हातनं आते चालत नई.”

मी काचेवरच, देवीच्या कपाळासमोर येईल असं, बोटानं कुंकू टेकवलं. रखवालदारानं बघितलं. आईनं हात जोडले आणि आम्ही निघालो. दारातून मी मागं वळून पाहिलं. तो ओलं फडकं घेऊन काच पुसत होता.

आई पुढं बघूनच चालत होती. तिनं विचारलं, “कुकू ऱ्हायनं का?”

“ऱ्हायनं,” मी म्हणाले.